कॅम्पर व्हॅनमधला पाण्याचा पंप आवाज करतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅव्हलरसारख्या गाडीत ओटा, सिंक, शॉवर आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेल्यांना, किंवा मागे जोडून ओढायची कॅराव्हॅन बाळगणाऱ्यांना पंपाच्या आवाजाचा त्रास कधी ना कधी होतोच. दिवसा तो फारसा जाणवत नाही. रात्री पन्हाळ्यावर किंवा दाजीपूरच्या बाजूला गाडी लावली, सगळीकडे सामसूम झाली, की कोणीतरी हात धुवायला उठतं आणि अख्खी गाडी जागी होते. मग पंप गेला असं समजून लोक नवा आणतात आणि तोही तसाच वाजतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आवाज पंपाचा असला तरी दोष बहुधा पंपाच्या बाहेर असतो : बसवण्यात, पाईपात, वायरीत नाहीतर टाकीत. म्हणून आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कशाने थांबतो, हे आधी बघायचं.

या गाड्यांत कोणता पंप असतो? थोडा आवाज तर येणारच ना?

येणारच. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टवर चालणारा डायफ्रॅम पंप असतो. शुरफ्लो, सीफ्लो, फ्लोजेट ही त्यातली नेहमीची नावं. आत छोटी मोटार असते. ती फिरली की रबरी पडदा पुढेमागे होतो, एका झडपेतून पाणी ओढतो आणि दुसरीतून ढकलतो. तुमच्या शेतावर बॅटरीवरचा फवारणी पंप असेल तर त्याच्या आतलं यंत्रही याच जातीचं आहे. पाणी सलग न जाता हिसक्या-हिसक्याने जातं, त्यामुळे थोडी थरथर या पंपाच्या स्वभावातच आहे.

पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की पाईपातला दाब वाढतो आणि ठरलेल्या मर्यादेला, म्हणजे साधारण २.८ ते ३.८ बारला (४० ते ५५ पीएसआय), पंप बंद होतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप पुन्हा सुरू होतो. तेव्हा निरोगी पंपाची ओळख अशी : नळ पूर्ण सोडला असताना एकसारखी घरघर, आणि नळ बंद केल्यावर एक-दोन सेकंदांत गप्प. यापेक्षा वेगळं काही ऐकू आलं तर पुढे वाचा.

दोष पंपात आहे की बाहेर, हे मेकॅनिककडे न जाता कसं ओळखायचं?

दोन चाचण्या आहेत. दोन्हीला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक बादली पुरते. त्या केल्याशिवाय कोणताही सुटा भाग विकत घेऊ नका.

पहिली चाचणी हातात धरण्याची. पंपाचा स्विच बंद करा, एक नळ उघडून पाईपातला दाब सोडा, मग पंपाचे चार स्क्रू काढून तो जमिनीपासून सुटा करा. पाईप जोडलेलेच राहू द्या. आता पंप हातात अधांतरी धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्विच चालू करून नळ सोडायला सांगा. मघाचा गोंगाट जाऊन नुसती घरघर उरली, तर पंप ठणठणीत आहे. आवाज त्याच्या बैठकीचा होता. हातात धरल्यावरही तसाच खडखडत राहिला, तर पुढची चाचणी करा.

दुसरी चाचणी बादलीची. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा, म्हणजे टाकीकडून येणारा पाईप सोडवा. टाकीला बंद करायचा कॉक नसेल तर पाईपाचं तोंड वर बांधून ठेवा, नाहीतर गाडीत पाणीच पाणी होईल. पंपाला जाड, न चपटणारी, हातभर लांबीची नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा. पंप सुरू करा. आता तो शांत चालला आणि नळाला धारही जोरात आली, तर दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या भागात आहे. बादलीतूनही तोच आवाज आला, तर दोष पंपात किंवा त्याच्या पुढच्या पाईपात.

बैठक, ओढणारी बाजू आणि ढकलणारी बाजू एवढं वेगळं करता आलं की अर्धं काम झालं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतले जुने मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाजवळ धरतात. तीच युक्ती इथेही चालते. टोक आधी पंपाला, मग प्लायवूडला, मग भिंतीतल्या पाईपाला लावून बघा. फिरत्या भागापासून मात्र दूर राहा.

पंप सुरू झाला की ओटा, भिंत, भांडी सगळंच खडखडतं. काय करायचं?

सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच. गाडीचं फर्निचर करताना सुतार पंप बेडखालच्या प्लायवर ठेवतो आणि चारही स्क्रू दाबून आवळतो. मग ती पातळ प्लाय हलगीसारखी वाजायला लागते. पंपाला खाली चार रबरी पाय दिलेले असतात. ते थरथर खाण्यासाठीच असतात, पण स्क्रू फार आवळले की रबर चपटून दगडासारखं होतं आणि सगळी थरथर सरळ लाकडात उतरते.

स्क्रू एवढेच आवळा की पंप हाताने दाबल्यावर रबरावर किंचित डोलला पाहिजे. रबर कडक झालं असेल किंवा फाटलं असेल तर ते बदला. चार रबरी बुशांसाठी नवा पंप घेऊ नका, शिवाजी उद्यमनगरात त्या मापाचं रबर शोधणं अवघड नाही. पंपाखाली जाड रबरी पत्रा ठेवला तर आणखी फरक पडतो, पण स्क्रू त्या पत्र्यातून थेट लाकडात घट्ट गेले तर तो पत्रा असून नसल्यासारखा. शक्य असेल तर पंप प्लायच्या मधोमध न ठेवता गाडीच्या लोखंडी आडव्या पट्टीजवळ, जिथे जमीन सर्वांत मजबूत असते, तिथे बसवा. मोकळ्या प्लायच्या मध्यावर सगळ्यात जास्त आवाज होतो.

आणि एक पाहा. खडखड पंपाची नसून पाईपाची असू शकते. पाईप भिंतीतल्या भोकातून जातो तिथे तो लाकडावर आपटत असतो. पंप चालू असताना पाईप ठिकठिकाणी मुठीत धरा. जिथे धरल्यावर आवाज बंद होतो, ती जागा सापडली. तिथे एसीच्या पाईपावर घालतात तसली फोमची नळी चढवा आणि रबर लावलेल्या क्लॅम्पने पाईप बांधा.

पाईप सीपीव्हीसीचे आहेत. चालतील का?

घरात उत्तम, गाडीत नको. निदान पंपाच्या दोन्ही तोंडांना तरी नकोच. सीपीव्हीसी कडक असतो. पंपाची प्रत्येक थरथर तो गाडीभर पोचवतो, आणि करूळ किंवा आंबा घाटातल्या हादऱ्यांत त्याचे चिकटवलेले सांधे तडकतात.

आधीच सगळी गाडी सीपीव्हीसीने केली असेल तर तोडफोड करायची गरज नाही. पंपाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाला प्रत्येकी ३० ते ४५ सेंटिमीटर लांबीची, धागा विणलेली मऊ नळी टाका आणि तिला सैलसर बाक द्या. ताणून सरळ लावलेली नळी मऊ असूनही थरथर पुढे पाठवते. आतला व्यास अर्धा इंच असावा. ओढणाऱ्या बाजूला यापेक्षा बारीक नळी कधीही लावू नका. पिण्याचं पाणी जाणार असेल तर नळी खाद्य दर्जाची आहे ना, तेही विचारून घ्या. बागेच्या नळीतून येणारा प्लास्टिकचा वास चहाला लागतो.

नळ बारीक सोडला की पंप टक-टक-टक करतो. पूर्ण सोडला की ठीक. हा बिघाड आहे का?

नाही, हा पंपाच्या कामाच्या पद्धतीचाच भाग आहे. पंप मिनिटाला ७ ते १२ लिटर देऊ शकतो आणि दात घासताना तुम्ही त्यातलं लिटर-दीड लिटरच घेता. पाईपातला दाब क्षणात मर्यादेला पोचतो, स्विच तोडतो, दाब लगेच उतरतो, स्विच पुन्हा जोडतो. हे सेकंदाला अनेकदा होतं. त्रास कानांना होतो आणि झीज स्विचच्या टोकांची होते.

यावर उपाय म्हणजे अॅक्युम्युलेटर. पाऊण ते एक लिटरची ही छोटी टाकी पंपाच्या पुढे बसते. तिच्या आत रबरी पडदा असतो : एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप बंद असतानाही हवा पाण्याला ढकलत राहते, त्यामुळे हात धुण्यापुरतं पाणी पंप न वाजता येतं. एक लिटरच्या टाकीतून एका वेळी साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर पाणी मिळतं. थोडं वाटेल, पण रात्री कोणाची झोप न मोडता हात धुवायला ते पुरतं.

टाकी बसवली तरी टकटक चालूच, अशी तक्रारही पुष्कळ येते. हवा नीट भरलेली नसणं हे त्याचं नेहमीचं कारण. पंप बंद करा, सगळे नळ उघडून पाणी सोडा आणि मग हवा मोजा. पाण्याचा दाब असताना मोजलेला आकडा खोटा असतो. पंप ज्या दाबाला पुन्हा सुरू होतो, त्याच्यापेक्षा हवा किंचित कमी हवी, आणि टाकीसोबतच्या कागदावर नेमका आकडा दिला असेल तर तोच पाळा. हवेची चिमणी बहुधा मोटारीच्या ट्यूबसारखीच असते. सायकलचा हातपंप यासाठी सगळ्यात बरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर एका झटक्यात जास्त हवा कोंबतो आणि पडदा फाटू शकतो.

काही पंप आतल्या आत पाणी फिरवून किंवा वेग कमी-जास्त करून ही टकटक टाळतात. तसला पंप असेल तर अॅक्युम्युलेटर लावण्याआधी कंपनीचं माहितीपत्रक वाचा.

घरच्या सिंकखालच्या आरओची पत्र्याची गोल टाकी पडून आहे. ती लावली तर?

तत्त्व तेच आहे. पण त्या टाकीत कारखान्यातून हवा फार कमी, ७ पीएसआयच्या आसपास भरलेली असते, ती वाढवावी लागेल. तोंड पाव इंची असल्याने पाणी अडखळतं. टाकीवर छापलेली दाबाची कमाल मर्यादा पंपाच्या मर्यादेपेक्षा भरपूर जास्त असेल तरच विचार करा. शिवाय ती जागा खाते, वजन वाढवते आणि घाटात हलू नये म्हणून बांधावीही लागते. मी गाडीसाठी केलेली छोटी टाकीच घ्या म्हणेन.

गॅस गिझर सुरू केला की पंप आणि गिझर दोघंही धडधडतात, पाणी कधी गरम कधी गार. का?

इन्स्टंट गॅस गिझर पाण्याच्या प्रवाहावर पेटतो. पंप तुटक चालला की प्रवाह तुटतो, ज्योत विझते, पुन्हा पेटते. आवाज गिझरचा वाटतो, मूळ वरच्या टक-टकच्या प्रश्नातलं आहे. अॅक्युम्युलेटर लावा आणि नळ थोडा जास्त सोडा.

इथे आवाजाचा विषय बाजूला ठेवून एक सांगायलाच हवं. गॅस गिझर गाडीच्या आत, बंद जागेत लावू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघू शकतो, त्याला वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. गिझर गाडीच्या बाहेर मोकळ्या हवेत वापरा, किंवा गाड्यांसाठीच बनवलेला, जळण्यासाठी हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा हीटर घ्या.

रात्री कुणी नळाला हात लावत नाही, तरी पंप मधेच दोन सेकंद वाजतोय. काय भानगड आहे?

पाईपातला दाब कुठून तरी उतरतोय. दोन शक्यता : पाणी पुढे कुठेतरी गळतंय, किंवा पंपाच्या आतल्या झडपेतून मागे टाकीत परततंय.

पंपाच्या लगेच पुढे एक कॉक बसवून घ्या. एरवीही तो उपयोगी पडतो. झोपताना कॉक बंद करा, पंपाचा स्विच चालूच ठेवा. तरीही रात्री पंप वाजला तर झडप मागे सोडते आहे. वाजला नाही तर गळती कॉकच्या पुढे आहे. मग प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा पसरून ठेवा, सकाळी कोणता ओला झाला ते दिसेल. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटची झडप लोक विसरतात. टॉयलेटमधली गळती आतल्या आत वाहून जाते, म्हणून कोरड्या टिश्यूपेपरने भांड्याची आतली कड पुसून बघा.

गाडीला बाहेरून पाणी जोडायचं तोंड असेल तर झडपेची आणखी एक खूण आहे. पंप बंद, बाहेरची नळी चालू, आणि तरीही गाडीतली टाकी आपोआप भरत चाललेली दिसली, तर पाणी पंपाच्या झडपेतून उलटं जातंय. बऱ्याचदा झडपेत वाळूचा कण किंवा प्लास्टिकचा किस अडकलेला असतो. पंपाचं डोकं उघडून स्वच्छ केलं की भागतं.

साठवणीचा गिझर असेल तर एक निरुपद्रवी कारणही असतं. संध्याकाळी तापलेलं पाणी रात्री गार होताना आकसतं, दाब थोडा उतरतो आणि पंप एकदाच क्षणभर वाजतो. रात्रीत असं एखाद्या वेळी झालं तर शोध घेत बसू नका. दर अर्ध्या तासाला होत असेल तर मात्र गळती आहेच.

टाकी भरलेली आहे, पंप चालतोच आहे, थांबत नाही. नळाला पाणी नाही, नाहीतर फसफस करत हवा येते.

पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय. ओढणाऱ्या बाजूला बारीकशी फट असली तरी तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस फसतो. पहिला संशय गाळणीवर घ्या. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटीची गाळणी असते. साफ करून परत लावताना तिची रबरी रिंग तिरकी बसते, किंवा वाटीला केसाएवढी चीर जाते. रिंगला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून हातानेच आवळा, पाना लावू नका. मग नळीवरच्या क्लिपा बघा. पंप चालू असताना पारदर्शक नळीत बुडबुडे पळताना दिसले, तर फट त्यांच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

हवा कुठूनच येत नसेल आणि नळाला पाणीही बऱ्यापैकी येत असेल, पण पंप थांबत नसेल, तर तीन गोष्टी उरतात. व्होल्टेज कमी असल्याने पंप वरच्या दाबापर्यंत पोचत नाही, झडपांत घाण आहे, किंवा प्रेशर स्विच गेला आहे. याच क्रमाने बघा.

घाटातून वर गेलं की पंप हवा ओढतो. उंचीमुळे होतं का?

उंचीमुळे नाही. कोल्हापूर आणि पन्हाळा यांच्या उंचीत साधारण ४०० मीटरचा फरक आहे, तेवढ्याने हवेचा दाब चार-पाच टक्के उतरतो. पंपाला त्याचं काही वाटत नाही.

कारण गाडीच्या उताराचं आहे. टाकी अर्धी आणि गाडी तिरकी लावलेली असेल तर पाणी एका कडेला जातं आणि पंपाला जाणारं तोंड दुसऱ्या कडेला उघडं पडतं. गाडी सपाटीवर घ्या, किंवा चाकाखाली फळी घालून पातळी साधा. टाकीचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते एकदा बघून ठेवलं की गाडी कशी लावायची ते आपोआप कळतं.

घाटाचा दुसरा परिणाम खरा आहे. गगनबावड्याच्या पुढे उतरताना जो हादरा बसतो, त्याने क्लिपा आणि गाळणीची वाटी ढिली होते. मुक्कामाला पोचल्यावर दोन्हीवरून एकदा हात फिरवा.

पाणी येतं पण आवाज जड, गुरगुरल्यासारखा, आणि धार कमी. हे काय?

पंपाला पाणी कमी पडतंय. तो ओढतो आहे आणि टाकीकडून पुरेसं येत नाही. गाळणी चोंदलेली असेल तर ती धुवा. नळी कुठे दुमडली आहे का बघा. काही जणांनी ओढायला गवंड्याच्या लेव्हलची पातळ पारदर्शक नळी लावलेली असते. पंप सुरू झाला की ती आतून चपटते. पंप बंद असताना नळी गोल दिसते, म्हणून दोष सापडत नाही. पंप चालू ठेवूनच बघा.

गाळणी आणि नळी दोन्ही ठीक असतील तर टाकीकडे वळा. टाकीतून पाणी बाहेर जाताना तेवढीच हवा आत यायला हवी, त्यासाठी वर एक बारीक हवानळी असते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करते. मग टाकीत निर्वात तयार होतो, पंप गुरगुरतो, पातळ टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात. खात्री करायला पंप चालू असताना टाकीचं भरायचं झाकण उघडा. हवा सुस्कारत आत गेली आणि आवाज हलका झाला, तर हवानळी बंद आहे. ती साफ करा आणि तोंडावर बारीक स्टीलची जाळी बांधा.

इंजिन चालू असताना पंप जोरात, बंद असताना मरगळलेला. असं का?

इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे १३.५ ते १४.४ व्होल्ट मिळतात, मोटार वेगाने फिरते, आवाज उंच लागतो. इंजिन बंद केल्यावर बॅटरीचे बारा-साडेबारा उरतात. एवढा फरक साहजिक आहे.

फरक फारच मोठा असेल तर वायर बारीक आहे. पंप बॅटरीपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर दहा मीटर होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ७ अँपिअरला सुमारे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात. चार चौरस मिलिमीटरची घातली तर ०.३ व्होल्ट. व्होल्टेज पंपाच्या टोकांवर आणि पंप चालू असताना मोजा, नाहीतर काहीच कळणार नाही. गंजलेला अर्थचा बोल्टही हेच करतो, आणि आपल्या पावसात तो गंजतोच. पंपाच्या पट्टीवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज लावा, सारखा उडतो म्हणून मोठा घालू नका.

नळ झटकन बंद केला की भिंतीत ठक् असा दणका.

वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा धक्का पाईपाला बसतो. एका झटक्यात बंद होणाऱ्या दांडीच्या नळांना हे जास्त होतं. पाईप क्लॅम्पने बांधा. अॅक्युम्युलेटर असेल तर धक्का बराचसा तोच खातो.

मोटारीतून किर्र, चरचर असा धातू घासल्याचा आवाज येतो.

हा दोष मात्र पंपाचाच. बेअरिंग गेली आहे. मोटार आणि पंपाचं डोकं यांच्या सांध्यातून पाणी ठिबकताना दिसत असेल तर पडदा फाटलाय आणि पाणी मोटारीकडे निघालंय. वेळीच पकडलं तर पडदा-झडपांचा संच बदलून पंप वाचतो. बेअरिंगमध्ये पाणी शिरल्यावर पंप बदलणंच शहाणपणाचं.

मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, असं झालं तर लगेच स्विच बंद करा, नाहीतर ती जळेल. बहुतेक वेळा गाडी महिनोन्महिने उभी राहिल्याने झडपा चिकटलेल्या असतात.

बोअरचं पाणी भरलं तर पंपावर परिणाम होतो का?

होतो. शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी खारट आणि जड लागतं. गाडीच्या टाकीत ते साचून राहिलं की गाळणीवर आणि झडपांवर पांढरा थर धरतो. झडप नीट बसत नाही, मग रात्रीची ती दोन सेकंदांची वाजावाज सुरू होते. कोमट पाण्यात सायट्रिक अॅसिड किंवा पांढरं व्हिनेगर घालून गाळणी आणि झडपा भिजत ठेवल्या की थर सुटतो. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळखळून काढा. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, त्या दिवसांत टाकी भरताना नळीच्या तोंडाशी गाळण लावा. आत गेलेला गाळ बाहेर काढणं फार कटकटीचं काम आहे.

घरच्या नळाला गाडी जोडली तर पंप चालू ठेवायचा का?

बाहेरच्या पाण्यावर नळ चालवत असाल तर पंप बंद ठेवा. पण आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार मिळतो, म्हणजे तीन मजली घराच्या टाकीतून जेमतेम एक बार. शॉवरला ती धार कमी वाटेल. अशा वेळी बाहेरच्या नळीने फक्त गाडीची टाकी भरा आणि नळ पंपावरच चालवा. प्रेशर पंप लावलेल्या अपार्टमेंटमध्ये उलटी काळजी घ्या. तिथे दाब जास्त असू शकतो, म्हणून दाब मर्यादित ठेवणारा रेग्युलेटर लावून मगच जोडा.

प्रेशर स्विचवरचा स्क्रू फिरवून आवाज कमी होईल का?

सगळे उपाय संपल्यावर, आणि तोही पाव फेऱ्याच्या अंदाजाने. दाब वाढवला तर सांधे गळतील, कमी केला तर शॉवरची धार जाईल. आधी किती होता याची मार्करने खूण करून ठेवा.

फवारणीचा पंप स्वस्त पडतो. तोच बसवला तर?

फवारणीला वापरलेला तर कधीच नाही. औषधाचा अंश रबरात राहतो आणि तुम्ही त्यातून लेकराबाळांना पाणी पाजणार असता. कृषी सेवा केंद्रातून कोरा आणला तरी त्याचं रबर पिण्याच्या पाण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही. त्याचा दाब जास्त आणि पाणी कमी असतं, त्यामुळे आवाजही कमी होणार नाही.

थंडीत पंपातलं पाणी काढून ठेवावं लागतं असं परदेशी व्हिडिओत सांगतात.

तिथे पाणी गोठतं, कोल्हापुरात नाही. पण गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि पाईप रिकामे करून ठेवा. साचलेल्या पाण्याला वास येतो आणि झडपा चिकटतात.

रात्री पंपाचा स्विच बंद ठेवावा का?

हो. गाडी चालवतानाही ठेवा. वाटेत नळी निसटली आणि पंप चालू असला तर सगळी टाकी गाडीत रिकामी होईल आणि कोणाला ऐकूही येणार नाही. स्विच बेडवरून हात पोचेल अशा जागी असावा, त्याला लाल दिवा असावा.

लांबच्या प्रवासाला पंपासाठी सोबत काय न्यायचं?

गाळणीची रबरी रिंग आणि शक्य असल्यास वाटी, अर्ध्या इंची नळीचा मीटरभर तुकडा, चार-सहा स्टीलच्या क्लिपा, योग्य अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, साधा मल्टीमीटर. आंबोली किंवा तळकोकणात उतरणार असाल तर पडदा-झडपांचा संचही घ्या, कारण तुमच्या पंपाच्या मॉडेलचा संच वाटेतल्या दुकानात मिळणं कठीण. मॉडेलचा क्रमांक पंपाच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी नेहमी भिंतीकडे तोंड करून बसवलेली असते. पंप बसवायच्या आधीच तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.